शेवटचा पॅच येतोय, डेव्हलपरना नक्की काय लिहावं?

कोपऱ्यातली_स्नायपर

मंडळी, एक मदत हवीये. बरीच वर्षं मी आणि आमची चौकडी एक को-ऑप शूटर खेळतोय, म्हणजे सगळ्यांनी एका बाजूने मिळून लढायचा गेम. नाव मुद्दाम लिहीत नाही, लिहिलं की निम्मा धागा "तो गेम मुळातच भंगार" आणि "तुम्हाला खेळता येत नसेल" यातच जाणार. तर आता डेव्हलपरनी जाहीर केलंय की सपोर्ट संपतोय. एक शेवटचा पॅच, म्हणजे दुरुस्त्यांचा अपडेट, त्यानंतर नवीन मॅप नाहीत, सीझन नाहीत, बॅलन्सचे बदल नाहीत. सर्व्हर "सध्या तरी" चालू राहतील म्हणे, हे "सध्या तरी" वाचूनच पोटात गोळा आला. आणि खाली एक ओळ, की शेवटच्या पॅचमध्ये काय दुरुस्त व्हावं आणि एकूण गेमबद्दल काय वाटलं ते कळवा, आम्ही सगळं वाचतोय.

त्याखाली आत्तापर्यंत जे आलंय ते म्हणजे अर्धी रडारड आणि अर्ध्या शिव्या. मला दोन्ही करायचं नाहीये. नीट, त्यांना कामाला येईल असं काहीतरी लिहायचंय. पण लिहायला बसलं की यादी मारुतीच्या शेपटासारखी वाढत जाते, आणि मधेच वाटतं की टीम तर पुढच्या प्रोजेक्टवर गेली असणार, वाचणार कोण? तर प्रश्न असा की गेम आवरता घेताना दिलेल्या फीडबॅकचा खरंच काही उपयोग होतो का, आणि होत असेल तर काय मागावं आणि काय मागण्यात अर्थ नाही?

बटनबडव्या

लिहा की "प्रिय डेव्हलपर, तुमचा सपोर्ट संपला, माझा बॅटल पास अजून संपला नाही, दोघांनी मिळून काय ते ठरवूया."

दीड_शहाणा

काडी टाकतो, राग मानू नका. तुम्ही पूर्ण पैसे देऊन गेम घेतलात, वर सीझन पास घेतलात, मग वर्षानुवर्षं बग शोधून दिलेत, आणि आता ते दुकान बंद करताना तुम्ही बसून त्यांना निबंध लिहून देणार. फुकट. हे काम करायला त्यांनी माणसं ठेवायची असतात. "आम्ही वाचतोय" ही ओळ राग शांत करायला टाकलेली असते, इतकंच. वरातीमागून घोडं.

लेव्हल_वन

बाळबोध प्रश्न विचारू का? सपोर्ट संपला म्हणजे गेम बंद होतो का? मी एक गेम सेलमध्ये घ्यायचा विचार करतोय, त्याच्या पानावरही असंच काहीतरी लिहिलंय.

पॅचपंडित

@लेव्हल_वन, नाही, या दोन वेगळ्या गोष्टी आहेत आणि लोक त्यात कायम गल्लत करतात. सपोर्ट संपला म्हणजे नवीन काही येणार नाही. गेम बंद होणं म्हणजे सर्व्हर बंद. मास इफेक्ट अ‍ॅन्ड्रोमिडा मार्च 2017 मध्ये आला आणि त्याच ऑगस्टमध्ये सांगून टाकलं की सिंगल प्लेयरला आता अपडेट नाहीत. पण गेम आजही चालतो, कारण गोष्ट तुमच्या मशीनवर आहे. याउलट द क्रू 2014 चा, 31 मार्च 2024 ला सर्व्हर बंद झाले आणि एकट्याने गाडी चालवायचीही सोय उरली नाही, कारण एकटं खेळायलाही सर्व्हर लागायचा. अ‍ॅन्थमचंही तेच, 12 जानेवारी 2026 ला सर्व्हर गेले आणि गेम गेला.

त्यामुळे घ्यायच्या आधी एकच बघ, इंटरनेट बंद करून तो सुरू होतो का.

@दीड_शहाणा, जाता जाता काहीच करत नाहीत असं सरसकट नाही हो. मार्व्हल्स अ‍ॅव्हेंजर्सचं उदाहरण घ्या. 2020 मध्ये आला, चालला नाही, जानेवारी 2023 मध्ये गाशा गुंडाळायचं जाहीर केलं. पण 31 मार्च 2023 च्या शेवटच्या अपडेटमध्ये दुकानातले सगळे पोशाख सगळ्यांना फुकट वाटून टाकले आणि विक्री बंद झाल्यावरही ज्यांच्याकडे आहे त्यांना तो खेळता येतो. रेडफॉलचा स्टुडिओ बंद होणार हे मे 2024 मध्ये जाहीर झालं, आणि त्याच महिन्याच्या अखेरीस जो शेवटचा अपडेट आला त्यात ऑफलाइन मोड होता आणि एकट्याने खेळताना पॉज करायची सोय होती. लोक पहिल्या दिवसापासून हेच मागत होते.

दीड_शहाणा

म्हणजे पॉजचं बटन द्यायला स्टुडिओ बंद व्हावा लागला. माझाच मुद्दा सिद्ध केलात, धन्यवाद.

बटनबडव्या

हहपुवा

टेस्टिंगवाला

मी गेम टेस्टिंगमध्ये काही वर्षं काढली, आता त्या क्षेत्रात नाही, त्यामुळे मोकळेपणाने लिहितो. जरा लांबेल.

सपोर्ट संपल्याचं बाहेर जाहीर होतं तेव्हा आत तो निर्णय शिळा झालेला असतो. मोठी टीम हललेली असते. मागे राहतात थोडे प्रोग्रॅमर, एखादा डिझायनर, काही टेस्टर आणि कम्युनिटी सांभाळणारा माणूस, ज्याला सगळ्यांच्या शिव्या खायला लागतात आणि ज्याच्या हातात काहीच नसतं. शेवटच्या पॅचची यादीही बरीचशी ठरलेली असते. मग तुमच्या लिहिण्याचा उपयोग कुठे? तर त्या यादीच्या तळाशी "वेळ उरला तर बघू" असा एक ढिगारा असतो. त्यातलं काय उचलायचं हे ठरवताना कोणीतरी विचारतं की हे खरंच कोणाला त्रास देतंय का, आणि तेव्हा तुमची पोस्ट, तिला मिळालेली मतं, तिच्यात नीट लिहिलेल्या पायऱ्या हे सगळं कामाला येतं. मी स्वतः असे बग वर सरकवलेत, केवळ एका खेळाडूने व्हिडिओसकट व्यवस्थित लिहून दिलं होतं म्हणून.

आता काय मागू नये. शेवटच्या पॅचला सगळ्यात मोठी धास्ती असते नवीन बग घुसण्याची. एरवी काही फुटलं तर पुढच्या आठवड्यात हॉटफिक्स, म्हणजे तातडीची छोटी दुरुस्ती, देता येतो, इथे पुढचा आठवडाच नसतो, जे फुटलं ते कायमचं तसंच. त्यामुळे ज्या बदलाने चार ठिकाणी धक्का लागतो तो कोणी हातात घेत नाही. "शत्रूंचा एआय सुधारा" विसरा. "नवीन एन्डिंग द्या" तर विसराच, तिथे आवाज देणारे कलाकार परत बोलवायला लागतात. कन्सोलवर पॅच जायच्या आधी सोनी, मायक्रोसॉफ्ट वगैरेंच्या सर्टिफिकेशनमधून जावं लागतं, तिथे नापास झालं तर परत सगळं पहिल्यापासून, आणि शेवटच्या पॅचला तेवढा वेळ कोणीच राखून ठेवलेला नसतो.

पण एक खिडकी उघडी असते जी खेळाडूंना सहसा दिसत नाही. ऑनलाइन गेममध्ये बरेचसे आकडे सर्व्हरवर असतात, म्हणजे एक्सपी (खेळून मिळणारे अनुभवाचे गुण) किती मिळावा, लूट किती पडावी, कुठला इव्हेंट कधी फिरावा. हे बदलायला पॅच लागत नाही, सर्टिफिकेशन लागत नाही, एक माणूस दुपारात करू शकतो. तेव्हा आधी हे मागा. सगळे इव्हेंट कायमचे चालू ठेवा, रोजच्या चॅलेंजची मुदत काढून टाका, चौघांऐवजी दोघं असले तरी मॅच सुरू होऊ द्या. असल्या मागण्या मान्य होताना मी पाहिल्यात.

अनुवादिका

टेस्टिंगवाल्यांच्या यादीत एक भर. मी गेमच्या मजकुराचं भाषांतर करते. शेवटच्या टप्प्यात मजकूर गोठवलेला असतो, म्हणजे पडद्यावरचा एक शब्द जरी बदलला तरी तो गेम जितक्या भाषांत आहे तितक्या भाषांत परत पाठवायचा, परत तपासायचा, कुठे बटनाबाहेर जात नाही ना ते बघायचं. त्यामुळे "अमुक पर्कचं (कॅरेक्टरच्या खास क्षमतेचं) वर्णन चुकीचं आहे, नीट समजावून लिहा" ही मागणी वाटते तेवढी छोटी नसते. पण वर्णनात जर नुसता आकडा चुकलेला असेल, वीसच्या जागी पंचवीस हवंय असं काही, तर ते जरूर कळवा, त्याला आम्ही लागत नाही.

कोपऱ्यातली_स्नायपर

बाप रे, सर्व्हरवरच्या आकड्यांचं माहीतच नव्हतं. आमच्याकडे मॅचमेकिंगला चार जण झाल्याशिवाय लिफ्ट खालीच जात नाही, आणि रात्री उशिरा चौथा माणूस मिळेपर्यंत आम्ही तिघं लिफ्टमध्ये उभे राहून एकमेकांवर फ्लॅशलाइट मारत बसतो. ही मागणी पहिली.

दुसरा आमचा जुना बग. शिडीवर चढता चढता रीलोड केलं की वरच्या पायरीवर कॅरेक्टर अडकतं, पाय हवेत चालत राहतात आणि बंदूक हातातून जमिनीत घुसते. मग कोणीतरी ग्रेनेड टाकून तुम्हाला मारायचं आणि परत उठवायचं, हाच उपाय. आमच्यात हे रोजचं झालंय. हे मागू का? गंमत म्हणजे आमच्यातल्या एकाला हे कधीच होत नाही, आम्ही त्याला चिडवतो की तू रीलोडच करत नाहीस.

टेस्टिंगवाला

@कोपऱ्यातली_स्नायपर, ज्याला होत नाही त्याची मशीन जुनी आहे का? त्याचा फ्रेम रेट, म्हणजे सेकंदाला किती चित्रं दिसतात, किती येतो विचारा. आणि तुम्ही स्वतः सेटिंगमध्ये 60 वर लॉक करून तीच शिडी चढून बघा.

दीड_शहाणा

बघा, सुरू झालं फुकटचं टेस्टिंग. पगाराची स्लिप कुठे पाठवायची तेही विचारून घ्या.

संथ_गती

माझा अनुभव थोडा वेगळा म्हणून लिहिते. मला लाल आणि हिरवा नीट वेगळे दिसत नाहीत. एका गेममध्ये मित्राच्या आणि शत्रूच्या डोक्यावरची खूण नेमकी त्याच दोन रंगांत होती. दोस्तांना गोळ्या घालून घालून मी बदनाम झाले होते. सपोर्ट संपताना असंच विचारलं होतं, तेव्हा मी एवढंच लिहिलं की रंगाचा पर्याय देणं जमत नसेल तर निदान शत्रूच्या खुणेचा आकार बदला, गोलाऐवजी त्रिकोण. शेवटच्या अपडेटमध्ये त्रिकोण आला. माझ्यामुळेच आला असं नाही म्हणत, आणखी कितीतरी जणांनी लिहिलं असेल. पण त्यानंतर तो गेम मी पहिल्यांदा नीट खेळले, तोही सगळे सोडून गेल्यावर.

तेव्हा सबटायटलचा आकार, रंग, स्क्रीन हलणं बंद करायची सोय, बटनं बदलायची सोय, असलं काही राहिलं असेल तर ते यादीत वर ठेवा. जे आत्ता खेळतायत त्यांना ते नसलं तरी चालतंय, म्हणून तर ते खेळतायत. ज्यांना चालत नाही ते तिथे लिहायला येतच नाहीत.

पॅचपंडित

@संथ_गती, शेवटचं वाक्य लाखाचं. सपोर्ट संपेपर्यंत फक्त कट्टर लोक उरलेले असतात आणि ते कट्टर लोकांच्याच मागण्या करतात. सगळ्यात वरच्या डिफिकल्टीला अजून अवघड करा, चारशे तास खेळलेल्यांना नवीन बॅज द्या. पहिल्या तीन मिशनमध्ये सोडून गेलेल्यांच्या वतीने कोण बोलणार?

टेस्टिंगवाला

अगदी. आणि त्याबद्दल कंपनीकडे आकडे असतात, कारण नसतं. किती लोकांनी तिसऱ्या मिशनला गेम सोडला हे त्यांना दिसतं. का सोडला हे दिसत नाही, कंटाळून, चिडून, की गेम क्रॅश झाला म्हणून. तुमचा एखादा मित्र सोडून गेला असेल तर त्याला विचारून त्याचं कारण तुमच्या पोस्टमध्ये लिहा. तुमच्या दहा सूचनांपेक्षा ते एक जास्त कामाचं आहे.

मोडकर

उशिरा आलो. तुम्ही सगळे पॅचमध्ये काय हवं ते मागताय, मी म्हणतो किल्ल्या मागा. पॅच संपतील, टीम जाईल, पण मॉडिंगची, म्हणजे खेळाडूंनी स्वतः गेममध्ये बदल करायची, हत्यारं हातात आली तर उरलेलं लोक करून घेतात. व्हॅम्पायर द मास्करेड ब्लडलाइन्स 2004 मध्ये अर्धवट अवस्थेत आला, 2005 मध्ये स्टुडिओच बंद झाला, आणि तेव्हापासून चाहत्यांनी त्याचा अनधिकृत पॅच वर्षानुवर्षं चालू ठेवला. आज कोणी तो गेम घेतला तर पहिला सल्ला हाच मिळतो की आधी तो पॅच टाक. बाल्डर्स गेट 3 वाल्यांनी तर सपोर्ट चालू असतानाच सप्टेंबर 2024 च्या सातव्या पॅचबरोबर अधिकृत मॉड टूलकिट दिलं, आठवा म्हणजे शेवटचा मोठा पॅच एप्रिल 2025 मध्ये आला, आणि त्याआधी जानेवारीपासून तो खेळाडूंना तपासायला दिला होता. जाहीर करायचं, तपासायला द्यायचं, मग सोडायचं. शेवटचा पॅच द्यायची माझ्या मते ही सगळ्यात चांगली पद्धत.

ऑनलाइन गेम असेल तर प्रायव्हेट सर्व्हर मागा, म्हणजे खेळाडूंना स्वतः चालवता येतील असे. नॉकआउट सिटीचे सर्व्हर 6 जून 2023 ला बंद झाले पण पीसीवर प्रायव्हेट सर्व्हरची आवृत्ती फुकट देऊन गेले.

दीड_शहाणा

@मोडकर, हे पटलं. यातलं एकही "फीडबॅक" नाहीये पण. ही मागणी आहे, आणि ती "आम्हाला तुमचा गेम खूप आवडला, जमलं तर बघा" अशा सुरात करायची नसते. द क्रू बंद झाल्यावर यूट्यूबर रॉस स्कॉटने स्टॉप किलिंग गेम्स ही मोहीम सुरू केली, युरोपातल्या नागरिकांच्या याचिकेवर जुलै 2025 मध्ये दहा लाखांच्या वर सह्या झाल्या. नम्र पत्रं लिहून एवढं झालं असतं का?

टेस्टिंगवाला

दोन्ही लागतं हो. पण सर्व्हरचा निर्णय शिडीचा बग दुरुस्त करणाऱ्याच्या हातात नसतो. त्याच्यावर त्यासाठी ओरडलं तर तो पोस्टच बंद करतो आणि शिडीही राहते. प्रायव्हेट सर्व्हर देणं एवढं सोपंही नसतं, आतमध्ये दुसऱ्या कंपन्यांचे परवाने घेतलेले तुकडे असतात, ते बाहेर देता येत नाहीत. म्हणून जे गेम अजून बनायचेत त्यांच्यासाठी कायदा मागा, जो चालू आहे त्याच्यासाठी जमेल ते मागा.

दीड_शहाणा

परवान्यांचं कारण दरवेळी पुढे येतं. ईए कंपनीने कमांड अँड कॉन्करच्या जुन्या गेमचा सोर्स कोड 2020 मध्ये आणि परत 2025 मध्ये खुला केलाच की. इच्छा असली की परवाने आडवे येत नाहीत.

टेस्टिंगवाला

ते ऑफलाइनही चालणारे, वीस-तीस वर्षं जुने गेम होते आणि कोड साफ करायला कोणीतरी वेळ दिला होता. चालू गेमचा सर्व्हर वेगळा. तुमचं-माझं इथे जुळणार नाही, सोडून देऊ.

फक्त_वाचक

वाचतोय. गेम खेळत नाही पण धागा मस्त रंगलाय.

बटनबडव्या

अवांतर. सपोर्ट संपला म्हणणाऱ्यांवर विश्वास ठेवू नका. टेरारियाने 2020 मध्ये जर्नीज एन्ड नावाचा अपडेट काढला, नावातच एन्ड, आणि 2022 मध्ये परत मोठा अपडेट घेऊन हजर. निरोप समारंभ झाल्यावर परत ऑफिसला येणारे काका असतात तसे.

कोपऱ्यातली_स्नायपर

@टेस्टिंगवाला, दंडवत घ्या! 60 वर लॉक केलं आणि शिडी सुटली. वर-खाली चढून बघितलं, एकदाही अडकलं नाही. लॉक काढला की परत पाय हवेत. आणि ज्याला कधीच होत नव्हतं त्याचा मॉनिटरच 60 चा आहे. बिचाऱ्याची इतकी वर्षं उगाच चेष्टा केली.

टेस्टिंगवाला

वाटलंच होतं. हालचालीचा हिशेब प्रत्येक फ्रेमला होत असेल तर फ्रेम वाढल्या की हिशेब चुकतो. जुना आजार आहे. पहिला डार्क सोल्स पीसीवर लोकांनी मॉड टाकून 60 वर चालवला तेव्हा शिडीवरून घसरताना कॅरेक्टर जमिनीतून आरपार जायचं. दुसऱ्या भागात 60 वर हत्यारं लवकर झिजायची, ते नंतर 2015 मध्ये दुरुस्त केलं.

आता तुमच्या रिपोर्टची किंमत बघा. "शिडीवर बग आहे, इतकी वर्षं झाली लक्ष देत नाही" असं लिहिलं असतं तर कोणी उघडूनही बघितलं नसतं. आता लिहा की अमुक आवृत्ती, पीसी, अमुक मॅपवरची अमुक शिडी, 60 च्या वर फ्रेम रेट असताना चढताना रीलोड केलं की शंभर टक्के होतं, लॉक केल्यावर होत नाही. सोबत छोटा व्हिडिओ, कोपऱ्यात फ्रेम रेट दिसेल असा. प्रोग्रॅमरचं अर्धं काम झालं. आणि दुरुस्ती छोटी निघाली तर शेवटच्या पॅचमध्येही घ्यायची हिंमत करतील. नाहीच जमलं तर निदान शिडीवर असताना रीलोडच बंद करतील, तेही चालेल.

मोडकर

हॉटफिक्सवरून एक आठवलं, आधी लिहायला हवं होतं. काही गेममध्ये बॅलन्सचे बदल गेमच्या फायलीत नसतातच, गेम सुरू होताना सर्व्हरवरून उतरतात. बॉर्डरलँड्स 3 मध्ये मेन मेन्यूला "हॉटफिक्स लागू झाले" असं यायचं ते हेच. इंटरनेटशिवाय सुरू केलं की जुनेच आकडे. तुमच्या गेममध्येही तसं असेल आणि उद्या सर्व्हर गेला तर सगळी दुरुस्ती हवेत विरणार आणि पहिल्या दिवशीचा गेम परत तुमच्यासमोर. तेव्हा ही ओळ घालाच, की आत्तापर्यंतचे सगळे सर्व्हरवरचे बदल शेवटच्या पॅचमध्ये गेमच्या आतच बसवून द्या. नवीन काही बनवायचं नाही, आहे तेच कायम करायचं, त्यामुळे नाही म्हणायला त्यांना जड जातं.

पॅचपंडित

+1. धाग्यातली सगळ्यात महत्त्वाची सूचना हीच वाटते मला.

अनुवादिका

आणि एक. जे चांगलं होतं तेही लिहा, पण नेमकं. "गेम भारी होता" याचं कोणी काही करू शकत नाही. तक्रारी शेकड्यांनी येतात त्यामुळे पुढच्या गेमच्या बैठकीत काय काढायचं याची यादी तयार असते, काय ठेवायचं याची नसते. मग पुढच्या भागात नेमकी तीच गोष्ट गायब होते आणि आपण डोक्यावर हात मारून घेतो. एपेक्स लेजेंड्स 2019 मध्ये आला तेव्हा लोकांनी त्याच्या पिंगचं तोंड भरून कौतुक केलं, न बोलता एका बटनावर जागा, शत्रू, वस्तू दाखवता यायची, आणि महिन्याभरातच फोर्टनाइटमध्येही पिंग आलं. नेमकं कौतुक केलं की ते दुसऱ्या स्टुडिओच्याही कानावर जातं.

संथ_गती

अनुवादिका, अनुमोदन. आणि पोस्टखाली निदान एक "धन्यवाद" त्या कम्युनिटीवाल्या माणसासाठी असू द्या. निर्णय त्याचा नव्हता.

बटनबडव्या

त्याला सांगा सीव्ही पाठवून दे, इथल्या धाग्यांना मॉडरेटर हवाय.

कोपऱ्यातली_स्नायपर

हा मसुदा केलाय, चौकडीला दाखवलाय, बघा:

"आम्ही हा गेम पहिल्या सीझनपासून खेळतोय. शेवटच्या पॅचसाठी आमच्या मोजक्याच मागण्या आहेत. तीन किंवा दोन खेळाडू असतानाही लिफ्ट सुरू होऊ द्या, आता रात्री चौथा मिळत नाही. सगळे इव्हेंट मिशन कायमचे उघडे ठेवा आणि रोजच्या चॅलेंजची मुदत काढा. शिडीच्या बगचा रिपोर्ट व्हिडिओसह स्वतंत्र दिलाय, तो 60 च्या वर फ्रेम रेट असतानाच होतो. सबटायटलचा आकार सध्या दोनच आहे, तिसरा मोठा हवा. होस्ट बाहेर पडला की सगळ्यांची लूट जाते, हे आत्ता दुरुस्त होणार नसेल तर पुढच्या गेममध्ये कृपा करून असं ठेवू नका, आमचे दोन मित्र याच कारणाने सोडून गेले, त्यांना विचारून लिहितोय.

पुढच्या गेममध्ये ठेवा: खाली पडलेल्या माणसालाही पिस्तूल चालवता येतं ते, त्यामुळे मेल्यावरही मजा यायची आणि कोणी चिडून बाहेर पडायचं नाही. आणि गोळ्या संपल्या की कॅरेक्टर स्वतः ओरडून सांगतं ते, आमच्यातला एक जण मायक्रोफोन वापरत नाही, त्याला त्यामुळेच आमच्याबरोबर खेळता आलं.

सर्व्हर बंद करायची वेळ येईल तेव्हा आधी सांगा, आणि सर्व्हरवरचे सगळे बदल गेममध्ये बसवून, निदान एकट्याने खेळता येईल असा ऑफलाइन मोड द्या. धन्यवाद."

टेस्टिंगवाला

छान उतरलंय. "मोजक्याच मागण्या आहेत" हे वाक्य काढा, ते वाचणाऱ्याला दिसेलच. होस्टवालं पुढच्या गेमच्या भागात न्या, पहिला भाग फक्त या पॅचचा राहू द्या म्हणजे तो उचलून जसाच्या तसा यादीत टाकता येतो.

दीड_शहाणा

ऑफलाइनचं शेवटी का? शेवटची ओळ कोणी वाचत नाही. ते सगळ्यात वर घ्या आणि "आधी सांगा" नको, किती महिने आधी ते लिहा. सहा लिहा, तीन तरी मिळतील.

मोडकर

याच्याशी सहमत. पण त्यातला हॉटफिक्स बसवून द्यायचा भाग वेगळा काढून या पॅचच्या यादीत टाका, ते आत्ताच व्हायला हवं, सर्व्हर बंद व्हायच्या वेळी ते करायला कोणी उरलेलं नसेल.

कोपऱ्यातली_स्नायपर

सगळे बदल केले आणि टाकलं. ऑफलाइन सगळ्यात वर, सहा महिने लिहिलं. कम्युनिटीवाल्याने शिडीच्या रिपोर्टवर "टीमकडे पाठवलंय" असं उत्तर दिलंय, बाकीच्यावर अजून काही नाही.

दीड_शहाणा

"टीमकडे पाठवलंय" हे मी प्रत्येक गेममध्ये वाचलंय. असो, ऑफलाइन वर घेतलंत म्हणून तुमच्या पोस्टला मत देऊन आलो. बाकी माझं म्हणणं तेच आहे.